पिल्लाचं लसीकरण: नाइन-इन-वन दर वर्षी हवंच का? (मुंबईकर श्वानपालकांनो, मदत करा)

ओवी_मुलुंड:
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीमागच्या गॅरेजात एका कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक आता आमच्या घरी आहे. नाव मुगी, अस्सल देशी. डॉक्टरांनी दात बघून सहा-सात आठवड्यांची असेल असं सांगितलं, जंताचं औषध दिलं आणि कार्ड हातात ठेवलं. त्यावर आधी पपी डीपी (डिस्टेंपर आणि पार्व्होची पहिली लस), मग नाइन-इन-वन, मग परत नाइन-इन-वन, मग रेबीज, आणि खाली पेनाने 'नंतर दर वर्षी सर्व'.

आता घरात तीन पक्ष झालेत. नणंद कॅनडात असते, तिच्या लॅब्रेडॉरला म्हणे तीन वर्षांतून एकदा टोचतात. सासूबाई म्हणतात, सावंतवाडीच्या घरी आमचा मोत्या म्हातारा होऊन गेला, त्याला कधी सुई दाखवली नाही. नवरा म्हणतो डॉक्टर सांगतात ते करू आणि झोपू.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. दर वर्षी सगळं खरंच लागतं का? आणि पाऊस तोंडावर आलाय, तर तिला खाली कधी न्यायचं? ती दारापाशी बसून रडते आणि आमचा मुलगा तिच्या शेजारी बसून रडतो.

तिरकस_तात्या:
सासूबाईंना साष्टांग नमस्कार सांगा. नऊ रोगांची एक सुई आणि तीही दर वर्षी, म्हणजे मोबाइलच्या प्लॅनसारखं झालं, वापरा न वापरा, रिचार्ज मारा. आमच्या गावी वाड्यावर कायम दोन-चार कुत्री असायची. दवाखाना तालुक्याला, आणि तिथे फक्त म्हशी जायच्या.

अबोली_चाफा:
तात्या, वाड्यावर जी दोन-चार दिसायची ती जगलेली. त्यांच्याबरोबर जन्मलेली बाकीची पिल्लं कुठे गेली हे वाड्यावर कोणी लिहून ठेवलं होतं का?

ओवी, खाली न्यायची घाई अजिबात करू नका. आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये दोन वर्षांपूर्वी पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा पोटाचा रोग, आला होता. तळमजल्यावरच्यांनी डॉबरमनचं पिल्लू आणलं, एक डोस झाला म्हणून गार्डनमध्ये सोडलं. चार-पाच दिवसांत उलट्या, मग रक्ताचे जुलाब. तो वास एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. सलाइनवर ठेवलं, तरी गेलं. पार्व्होच्या विषाणूवर थेट औषध नाही. शरीरातलं पाणी टिकवायचं, उलट्या थांबवायच्या, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक द्यायचं आणि पिल्लाच्या अंगात झुंजायची ताकद आहे का ते बघायचं.

आणखी एक. त्या घरी नंतर रोज फिनाइलने लादी पुसत होते. पार्व्हो फिनाइलला जुमानत नाही. ब्लीचचं पाणी लागतं, साधारण तीस भाग पाण्याला एक भाग ब्लीच, आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. मातीत तर हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. त्या घरात वर्षभर तरी दुसरं पिल्लू आणू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

तिरकस_तात्या:
अबोलीताई, मुद्दा मान्य. पण मग नणंदेचं काय? कॅनडातल्या कुत्र्याला तीन वर्षं पुरतं ते मुलुंडच्या कुत्र्याला का पुरत नाही? विषाणू तोच ना?

डॉ_शेपटी:
तात्यांनी नेमका प्रश्न विचारला म्हणून लिहायला बसलो. मी उपनगरात प्रॅक्टिस करतो. मुगीला मी बघितलेलं नाही, त्यामुळे तिच्या डॉक्टरांच्या शब्दावर माझा शब्द नाही, एवढं समजून घ्या.

'नाइन-इन-वन दर वर्षी हवं की नको' याला एक उत्तर नाही, कारण त्या सुईत एकच गोष्ट नसते. बाटल्या नीट बघा. एकीत पावडर असते, दुसरीत पाणी. पावडरमध्ये दुबळे केलेले पण जिवंत विषाणू: डिस्टेंपर, पार्व्हो, हेपॅटायटिसवाला अ‍ॅडिनोव्हायरस आणि बहुधा पॅराइन्फ्लुएन्झा. पाण्यात मारलेले जिवाणू, म्हणजे लेप्टो रोगाचे लेप्टोस्पायरा. हे पाणी पावडरीत मिसळून एका सुईत देतात. आणि नऊ म्हणजे नऊ वेगळे रोग नव्हेत. लेप्टोचे प्रकार सुटे मोजले, काही कंपन्यांनी कुत्र्यांचा कोरोना घातला (हा आपल्या कोविडचा नव्हे) की आकडा फुगतो. म्हणून एका कंपनीची सात, दुसरीची नऊ, तिसरीची दहा.

जिवंत विषाणूंची लस शरीराला चांगली आठवण देऊन जाते. लहानपणीचा कोर्स नीट पुरा झाला असेल आणि त्यानंतरचा बूस्टर मिळाला असेल, तर डिस्टेंपर, पार्व्हो आणि हेपॅटायटिससाठी तीन वर्षांच्या आत परत टोचायची गरज नसते. लहान पाळीव प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेची (WSAVA) मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात. नणंदबाई बरोबर आहेत.

लेप्टोची लस मेलेल्या जिवाणूंची. तिचं संरक्षण वर्षभराच्या पुढे धरून चालता येत नाही. पहिल्यांदा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दर वर्षी एक. तो चुकला आणि बराच काळ लोटला, तर पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात करावी लागते. तेव्हा डॉक्टरांनी पेनाने लिहिलेलं 'दर वर्षी' हेही निम्मं बरोबर आहे.

आणि तात्या, सावंतवाडीचा मोत्या १९७८ च्या आधीचा असेल तर पार्व्हो त्याच्या वाट्याला यायचा प्रश्नच नव्हता. हा विषाणू कुत्र्यांत त्या सुमाराला उपटला आणि दोन-तीन वर्षांत जगभर फिरला. सासूबाईंच्या त्या काळात तो रोगच नव्हता, तर लस कुठून असणार?

ओवी_मुलुंड:
सासूबाईंना वाचून दाखवलं. मोत्या १९७० च्या आसपासचा होता. त्या म्हणाल्या, 'बघ, तेव्हा रोगसुद्धा कमी होते.' आता यावर काय बोलणार!

डॉक्टर, पण मग पिल्लाला तीन-तीनदा का टोचतात? एकदाच चांगली जोरदार दिली तर?

डॉ_शेपटी:
हा प्रश्न दवाखान्यात रोज येतो. बहुतेकांना वाटतं की पहिला डोस कच्चा, दुसरा जरा पक्का. तसं नाही.

आईच्या चिकाच्या दुधातून पिल्लाला तयार अँटिबॉडी मिळतात. त्या पिल्लाला सांभाळतात, पण बाहेरून दिलेल्या लशीलाही गारद करतात. हळूहळू त्या ओसरतात. कुठल्या पिल्लात आठव्या आठवड्यात ओसरतील आणि कुठल्यात चौदाव्या, हे वरून कळत नाही, एकाच वेतातल्या भावंडांतही फरक असतो. मधला काही काळ असा जातो की आईच्या अँटिबॉडी रोग रोखायला अपुऱ्या पण लस हाणून पाडायला पुरेशा असतात. अबोलीताईंच्या बिल्डिंगमधलं पिल्लू बहुतेक त्याच फटीत सापडलं.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी देत राहायचं, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे किंवा त्यानंतर पडलाच पाहिजे. मुगीच्या कार्डावर दुसरी नाइन-इन-वन कितव्या आठवड्यात येते ते मोजा. बाराव्या आठवड्यात संपत असेल तर सोळाव्यात आणखी एक घ्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा. मी तरी देतो. सहा महिन्यांच्या वयात एक बूस्टर दिला तर त्याआधीचे सगळे हुकलेलं एखादं पिल्लूही त्यात सावरतं, वर्षाची वाट बघायला नको.

गॅरेजातल्या आईला कधी लस मिळाली असेल का माहीत नाही. पण रस्त्यावरची कुत्री यातल्या बऱ्याच रोगांतून जाऊन जगलेली असते, त्यामुळे तिच्या दुधात अँटिबॉडी भरपूर असू शकतात. देशी पिल्लू आहे, काटक आहे, एक डोस पुरे, असं म्हणू नका.

वॉटरलूकर:
मी नणंदेच्याच देशातून. आमच्या इथे ओन्टारिओत व्हेटने लेप्टोबद्दल पहिल्या भेटीतच विचारलं होतं: कुत्रा तळ्याकाठी फिरतो का, अंगणात रॅकून येतात का? म्हणजे 'तीन वर्षांतून एकदा' हे इथेही सगळ्या लशींबाबत खरं नाही. ओवी, नणंदेला कार्ड नीट वाचायला सांगा, लेप्टोची ओळ दर वर्षीची निघायची शक्यता आहे.

टायटर टेस्ट हा प्रकार मुंबईत मिळतो का? रक्तातल्या अँटिबॉडी मोजून मग टोचायचं की नाही ते ठरवतात.

डॉ_शेपटी:
मिळतो, सगळीकडे नाही. डिस्टेंपर, पार्व्हो, हेपॅटायटिससाठी उपयोगी. लेप्टोसाठी निरर्थक, कारण त्यात रक्तातला आकडा आणि संरक्षण यांचा मेळ बसत नाही. रेबीजची टायटर युरोपात किंवा जपानला कुत्रा नेताना मागतात, ०.५ आययू प्रति मिलिलीटर किंवा त्याहून जास्त लागते. ती फक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची.

गिरगावचा_बाळ:
लेप्टोवर मी बोलतो, कारण तो आमच्या चाळीत येऊन गेलाय. माणसाला नाही, कुत्र्याला. शेजारच्यांचा स्पिट्झ, घराबाहेर फारसा जायचा नाही, फक्त गॅलरी आणि चौक. चौकात उंदीर. ऑगस्टमध्ये त्याने खाणं सोडलं, ताप आला, आणि एक दिवस हिरड्या पिवळ्या दिसल्या, लघवी चहासारखी गडद. शेजाऱ्यांना वाटलं उन्हाचं काही असेल. ऑगस्टमध्ये ऊन! परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेला, बरेच दिवस उपचार चालले, वाचला. मूत्रपिंडाचं दुखणं मात्र मागे राहिलं.

उंदराच्या मुतातून जिवाणू पाण्यात जातात, आणि पायाला खरचटलेलं असेल किंवा ते पाणी तोंडात-डोळ्यांत गेलं की शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांना लेप्टो झाला तो याच वाटेने. हिंदमाताच्या पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाला आज कोणीही सांगतो, डॉक्टरला विचारून गोळी घे. त्याच पाण्यातून आलेल्या कुत्र्याचे पाय मात्र आपण टॉवेलने पुसतो आणि त्याला पलंगावर घेतो.

परळकर:
बैलघोडा म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, नवीन मंडळींसाठी सांगतो. १८८३ पासूनचं आहे. शेजारी मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ चं. म्हणजे पाश्चरने १८८५ मध्ये माणसाला रेबीजची पहिली लस टोचली तेव्हा परळला जनावरांचा दवाखाना उभा होता. हे उगीचच सांगितलं, अवांतराबद्दल क्षमस्व. परळबद्दल कोणी बोललं की राहवत नाही.

डॉ_शेपटी:
बाळ, नेमकं लिहिलंत. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, लेप्टोचे प्रकार पुष्कळ आहेत आणि लस त्यातल्या काहींवरच चालते. तेव्हा लस घेतली म्हणून कुत्र्याला डबक्यात डुंबू देऊ नका. बाहेर सांडलेलं अन्न रात्रभर ठेवू नका, उंदीर त्यावरच येतात. आजारी कुत्र्याच्या लघवीतून हे जिवाणू घरच्या माणसांपर्यंत पोचू शकतात, म्हणून साफ करताना हातमोजे घाला.

दुसरी म्हणजे तारीख. मुंबईत लेप्टोचा वार्षिक डोस मेमध्ये घ्या. कुत्र्याचा वाढदिवस डिसेंबरात म्हणून डिसेंबरात टोचत राहिलात तर जुलैच्या पाण्यात उतरताना निम्मं वर्ष उलटून गेलेलं असतं. हे मी माझ्या पेशंटांना सांगतो, हळूहळू सगळ्यांच्या तारखा पावसाआधी सरकवतो. थोडा लवकर घेतल्याने काही बिघडत नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
आमच्या सोसायटीत कुत्र्यांवरून दर सभेला महाभारत होतं म्हणून विचारतो. रेबीजचं काय? त्यातही तीन वर्षंवाली लस असते असं एक सभासद सांगतात आणि कार्ड दाखवायला नकार देतात.

डॉ_शेपटी:
काही बाटल्यांवर तीन वर्षं छापलेलं असतं, सभासद खोटं बोलत नाहीत. तरी मी दर वर्षीच देतो. पहिला डोस बारा आठवड्यांनंतर, आपल्याकडे धोका मोठा म्हणून दोन ते चार आठवड्यांनी दुसरा, मग वर्षाला एक. रस्त्यावर रेबीज आहे, पालिकेचा परवाना काढताना चालू प्रमाणपत्र लागतं, आणि उद्या तुमचा कुत्रा लिफ्टमध्ये कोणाला चावला तर पहिला प्रश्न 'शेवटची लस कधी' हाच येणार. पार्व्होत चूक झाली तर कुत्रा जातो. रेबीजमध्ये लक्षणं दिसल्यावर माणूसही जवळपास कधीच वाचत नाही. तिथे मी तीन वर्षांचा हिशोब मांडत बसत नाही.

लस घेतलेला कुत्रा चावला तरी जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. पालिकेच्या रुग्णालयात माणसांची लस मोफत आहे. हल्ली ती दंडात देतात. पोटातली चौदा इंजेक्शनं ही मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या जुन्या लशीची आठवण आहे, ती भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. अजूनही त्या चौदा सुयांच्या भीतीने लोक हळद लावून घरी बसतात, याचा मला खरंच राग येतो.

तिरकस_तात्या:
डॉक्टर, कुत्र्याला दहा दिवस बघायचं आणि मग ठरवायचं, असं पूर्वी सांगायचे.

डॉ_शेपटी:
बघायचं, पण सुई थांबवून नाही. माणसाची लस लगेच सुरू करायची. कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का ते डॉक्टर ठरवतील.

पिकू_आणि_मी:
मी केमिस्टकडून बाटली आणून घरीच टोचते, यूट्यूबवर बघून शिकले. पिकू दवाखान्यात थरथर कापते म्हणून. चालतं ना?

डॉ_शेपटी:
नाही चालत, आणि कारण सुई टोचण्याचं कौशल्य नाही. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी. केमिस्टच्या फ्रिजपासून तुमच्या पर्समधून, मेच्या उन्हात, लोकलने घरी येईपर्यंत तिचं काय झालं हे बाटलीकडे बघून कळत नाही. सुई टोचल्याचं समाधान मिळतं, आत काही पोचत नाही. शिवाय क्वचित एखाद्या कुत्र्याला, लहान जातींत जास्त, पंधरा-वीस मिनिटांत तोंड सुजणं, अंगावर गांधी, उलटी किंवा कोसळणं असं होतं. तेव्हा हाताशी इंजेक्शन आणि डॉक्टर लागतात. म्हणून टोचल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबा. पिकू फारच घाबरत असेल तर घरी येणारे डॉक्टर आहेत, ते लस बर्फाच्या पेटीतून आणतात.

कार्डावर बाटलीचं स्टिकर चिकटवून घ्या, बॅच नंबर आणि मुदत दिसेल असं. स्टिकर नाही, नुसती सही आहे, अशा कार्डाला मी तरी मानत नाही.

कोकणात_गणपती:
सगळ्यांनी पावसाचं सांगितलं, मी गणपतीचं सांगते. आम्ही दर वर्षी पाच दिवस गावी जातो आणि ब्रूनोला बोर्डिंगमध्ये ठेवतो. चांगली बोर्डिंगवाली मंडळी केनेल कफची लस मागतात. ही नाइन-इन-वनमध्ये धरलेली नसते, त्यातला पॅराइन्फ्लुएन्झा म्हणजे अर्धाच भाग, बोर्डेटेला वेगळी. नाकात थेंब घालतात. जायच्या आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही, आठवडाभर आधी घ्या. आणि त्या दिवसांत अर्धी मुंबई गावी निघालेली असते, दवाखान्यात रांग लागते. ट्रेनने नेणार असाल तर लशीचं कार्ड आणि पशुवैद्याचा दाखला दोन्ही जवळ ठेवा.

अबोली_चाफा:
सोसायटीतल्या भटक्यांचं कोणीच बोललं नाही. त्यांचा कान कापलेला असला की सगळे निर्धास्त होतात.

डॉ_शेपटी:
कानाची खाच म्हणजे नसबंदी झालेली आहे. त्याच वेळी रेबीजची लसही देतात, पण ती कोणत्या साली, हे कान सांगत नाही. दर वर्षी परत द्यावी लागते. भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, हा जगभर वापरला जाणारा आकडा आहे. सेक्रेटरीसाहेब, सभेत भांडण्यापेक्षा खाऊ घालणाऱ्या मंडळींना हाताशी धरा, कुत्री त्यांच्याकडेच येतात, पकडायला जाळं लागत नाही.

सेक्रेटरी_नाइलाजाने:
खाऊ घालणाऱ्या मंडळींशीच तर भांडण आहे. पण विषय मांडतो पुढच्या सभेत.

ओवी_मुलुंड:
केवढी माहिती मिळाली! आज दवाखान्यात जाऊन आले. मी विचारल्यावर डॉक्टरांनी कार्ड परत लिहिलं. सोळाव्या आठवड्यात एक जास्तीचा डोस, सहा महिन्यांचा बूस्टर, मग लेप्टो आणि रेबीज दर मेमध्ये आणि बाकीचं तीन वर्षांनी. म्हणाले, फक्त लेप्टोच्या सुट्या बाटल्या नेहमी मिळत नाहीत, आधी फोन करत जा. चिडतील वाटलं होतं, उलट खूश झाले.

खाली न्यायचं राहिलंच. सोळा आठवडे म्हणजे अख्खा जुलै. तोवर घरात डांबून ठेवली तर माणसांना, गाड्यांना घाबरणार नाही का?

डॉ_शेपटी:
घाबरेल, म्हणून डांबू नका. जग ओळखायचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतं. कडेवर घेऊन फिरवा. रिक्षा दाखवा, भाजीवाला, शाळेची बस, छत्रीवाली माणसं, ढोल. लस पूर्ण झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी न्या. फक्त जमिनीवर, जिथे अनोळखी कुत्र्यांनी घाण केलेली असते तिथे, ठेवायचं नाही. शेवटच्या डोसनंतर आठवडा-दोन आठवडे थांबून मग पट्टा लावा. पाऊस असेल तेव्हाही साठलेलं पाणी टाळून, आणि घरी आल्यावर पाय धुऊन, पंजाच्या बोटांमध्ये कोरडं करून. तिथेच गोचीडही बघा. गोचीड तापावर आपल्याकडे लस नाही, त्यामुळे नाइन-इन-वन झालं म्हणून गोचिडांचं औषध बंद करणारे दर वर्षी माझ्याकडे येतात.

तिरकस_तात्या:
ओवी, पिल्लू कडेवर घेऊन फिरवायचं काम सासूबाईंना द्या. महिनाभरात त्याच डॉक्टरला फोन करून तारीख विचारतील.

ओवी_मुलुंड:
तात्या, ते काम त्यांनी आधीच मागून घेतलंय. आत्ता दोघी खाली वॉचमनशी गप्पा मारतायत. मुगी कडेवर आहे, जमिनीवर नाही, मी खिडकीतून बघून खात्री केली.